'बघूया तरी' महागात पडतं: पोकर नीट शिकायला बसलेल्यांसाठी

रिव्हरला, म्हणजे टेबलावरच्या शेवटच्या पत्त्याला, समोरच्याने पॉटएवढी (मध्ये जमलेल्या पैशांएवढी) बेट लावली तेव्हा माझ्या हातात राजा आणि गुलाम होते. टेबलावर गुलाम, अठ्ठी, तिर्री, सत्ती, दुर्री. म्हणजे गुलामांची जोडी आणि सोबत राजाचा किकर. समोरचा माणूस तासभर पत्ते टाकून देत बसला होता. टर्नला, म्हणजे त्याआधीच्या पत्त्याला, माझ्या बेटवर त्याने रेझ केलं होतं (ती वाढवली होती) आणि आता हा एवढा ढीग पुढे ढकलला होता. आपण मागे आहोत हे मला कळत होतं. तरी तोंडातून 'बघूया तरी' निघालं आणि हाताने चिप्स आत सरकवल्या. त्याने दोन अठ्ठ्या उलटवल्या. टेबलावरची धरून तीन. ते दोन पत्ते बघायचं तिकीट मी अर्ध्या स्टॅकला काढलं होतं.

नवख्या खेळाडूचे पैसे धाडसी ब्लफमध्ये फारसे जात नाहीत. ते अशा कॉलमध्ये, समोरच्याएवढेच पैसे टाकून पुढे बघण्यात, जातात. फ्लॉपआधी थोडे, फ्लॉपवर थोडे, टर्नला जरा जास्त, आणि शेवटी 'आता इतके गेलेच आहेत तर' म्हणून उरलेले. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका सवयीभोवती फिरतात. कॉल करण्याआधी त्याचं कारण एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर पत्ते टाकायचे किंवा रेझ करायचं.

इथे मी नो-लिमिट टेक्सस होल्डेमबद्दल लिहितोय, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. हातात दोन पत्ते, टेबलावर टप्प्याटप्प्याने पाच (फ्लॉपला तीन, टर्नला एक, रिव्हरला एक) आणि बेटिंगच्या चार फेऱ्या, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

पायरी 1: क्रम झोपेतही सांगता आला पाहिजे

यावर फार वेळ घालवत नाही. रॉयल आणि स्ट्रेट फ्लश, चार एकसारखे, फुल हाउस, फ्लश, स्ट्रेट, तीन एकसारखे, दोन जोड्या, एक जोडी, मोठा पत्ता. हे पाठ करा.

गोंधळ होतो तो तीन पत्त्यांचे खेळ खेळून आलेल्यांचा. तिथे सिक्वेन्स रंगाच्या वर असते, इथे फ्लश (पाचही पत्ते एका रंगाचे) स्ट्रेटच्या (पाच पत्ते ओळीने) वर. कारण साधं आहे: जे दुर्मीळ ते मोठं. तीन पत्त्यांत नुसत्या सिक्वेन्सचे 720 संच बनतात आणि नुसत्या रंगाचे 1,096. पाच पत्त्यांत हे उलटतं. 25,98,960 संचांपैकी स्ट्रेट 10,200 आणि फ्लश फक्त 5,108. एकदा हे कारण कळलं की क्रम विसरायला होत नाही.

दुसरी गोष्ट किकरची. दोघांकडेही एक्क्याची जोडी असली की सोबतचा पत्ता निकाल लावतो. एक्का-पंजी घेऊन बसलेला नवखा एक्का लागला की हरखून जातो, आणि शेवटी समोर एक्का-राणी निघते. 'एक्का आहे ना' हे कारण नव्हे.

पायरी 2: कुठे बसलाय ते आधी बघा, पत्ते नंतर

पोकरमध्ये सर्वात मोठा फायदा पत्त्यांचा नसून जागेचा असतो, हे मला पटायला बरेच महिने लागले. फ्लॉपनंतर बटनवाला (त्या डावात पत्ते वाटणाऱ्याची जागा ज्याची तो) सर्वांत शेवटी बोलतो. बाकीच्यांनी चेक केलं (काही न लावता पुढे जाऊ दिलं), बेट लावली की घाबरून पत्ते टाकले, हे सगळं पाहून तो निर्णय घेतो. बटनाच्या पुढचे दोघे पत्ते बघण्याआधीच ठरलेली रक्कम भरतात: पहिला अर्धी (स्मॉल ब्लाइंड), दुसरा पूर्ण (बिग ब्लाइंड). स्मॉल ब्लाइंडवाला सर्वांत आधी बोलतो, अंधारात. तेच दोन पत्ते एका जागी कमाई करून देतात आणि दुसऱ्या जागी खड्ड्यात घालतात.

दोन पत्त्यांच्या एकूण 1,326 जोड्या संभवतात. रंगांचे फरक बाजूला ठेवले तर उरतात 169 प्रकार: 13 जोड्या, 78 एकाच रंगाचे, 78 वेगवेगळ्या रंगांचे. हे सगळे पाठ करू नका. नऊ जणांच्या टेबलावर पहिल्या जागेवर (बिग ब्लाइंडच्या लगेच पुढे) बसला असाल तर दहा डावांत जेमतेम एक खेळा: मोठ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, फार तर एकाच रंगाचे राजा-राणी. जसजसे बटनाकडे सरकाल तसतशी यादी वाढवा. बटनावर, तुमच्याआधी सगळ्यांनी पत्ते टाकलेले असतील तर, दहातले चार डावही खेळता येतात, कारण मागे फक्त दोन ब्लाइंड उरलेले असतात आणि फ्लॉपनंतर ते दोघेही तुमच्याआधी बोलणार असतात.

दोन सापळ्यांत सगळे अडकतात. पहिला, 'एकाच रंगाचे आहेत'. किलवरची नव्वी आणि दुर्री हातात आली की रंगाकडे बघून कॉल केला जातो. एकाच रंगाचे दोन पत्ते असताना फ्लॉपवरच फ्लश बनण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी असते, साधारण 119 वेळांत एकदा. एकच रंग असणं हा चांगल्या पत्त्यांवरचा थोडा वाढीव गुण आहे. भिकार पत्ते त्याने चांगले होत नाहीत.

दुसरा सापळा स्मॉल ब्लाइंडचा. 'अर्धे पैसे तर टाकलेच आहेत, अजून अर्धे टाकू.' टाकलेले पैसे आता तुमचे नाहीत, पॉटचे आहेत. तुम्हाला फक्त एवढंच ठरवायचंय की अजून पैसे घालून, टेबलावरच्या सर्वात वाईट जागी बसून, हा डाव खेळायचा का. बहुतेक वेळा नाही.

जोड्यांबद्दल एक आकडा लक्षात ठेवा. हातात जोडी साधारण 17 डावांत एकदा येते आणि दोन एक्के 221 डावांत एकदा. छोटी जोडी हातात असताना फ्लॉपवर सेट (त्याच आकड्याचा तिसरा पत्ता) लागायची शक्यता जेमतेम 12 टक्के, म्हणजे साडेआठ वेळांत एकदा. म्हणून दोन पंज्या घेऊन कॉल करताना समोरच्याच्या स्टॅककडे बघा. त्याच्यापुढे चिप्सच थोड्या असतील तर सेट लागूनही तुमचे आधीचे सात-आठ फसलेले कॉल वसूल होणार नाहीत.

पायरी 3: खेळायचं तर रेझ करून आत या

नुसता बिग ब्लाइंड भरून आत येण्याला लिंप म्हणतात, आणि ती 'बघूया तरी'चीच धाकटी बहीण. लिंप करणाऱ्याला डाव जिंकायचा एकच मार्ग उरतो: शेवटी मोठे पत्ते दाखवणं. रेझ करणाऱ्याला दोन असतात: तो, किंवा बाकीच्यांनी आधीच पत्ते टाकून देणं. शिवाय लिंप केलं की मागून चार जण स्वस्तात घुसतात आणि तुमच्या दोन राण्यांना एकाऐवजी चारांशी झुंजावं लागतं.

तुम्हीच पहिले आत येत असाल तर बिग ब्लाइंडच्या अडीच ते तीन पट रेझ करा. कुणी आधीच लिंप केलं असेल तर अशा प्रत्येकामागे एक बिग ब्लाइंड वाढवा. आणि आकडा पत्त्यांप्रमाणे बदलू नका. दोन एक्के आल्यावर पाच पट आणि दश्शी-नव्वीला अडीच पट असं करणारा खेळाडू स्वतःचे पत्ते उताणे ठेवूनच खेळत असतो.

पायरी 4: हिशोब, आणि तो नेमका कुठे चुकतो

या पायरीवर सावकाश चला. गणित तिसरी-चौथीच्या पातळीचं आहे, पण ते नेमकं कधी लावायचं यात घोळ होतो.

एक डाव घेऊ. तुमच्याकडे बदामची राणी आणि बदामची दश्शी. टर्नपर्यंत टेबलावर बदामचा राजा, किलवरची सत्ती, बदामची चव्वी, इस्पिकची दुर्री. पॉटमध्ये 60 चिप्स आहेत, समोरच्याने 30 लावल्या. कॉल करायचा?

आधी किंमत काढू. तुम्हाला 30 टाकायच्या आहेत. टाकल्यावर पॉट होईल 60 + 30 + 30 = 120. म्हणजे 120 मधल्या 30, एक चतुर्थांश. हा कॉल ना नफा ना तोटा ठरायला तुम्ही चारांतून एकदा जिंकायला हवं, म्हणजे 25 टक्के. हा आकडा बेटच्या आकारावरून आयता मिळतो, तो पाठच करून टाका: पॉटच्या अर्धी बेट असेल तर 25 टक्के हवेत, पॉटएवढी असेल तर 33, एक तृतीयांश असेल तर 20.

आता शक्यता. कॅटमध्ये 13 बदाम, त्यातले चार तुम्हाला दिसताहेत, नऊ उरले. न दिसलेले पत्ते 46. नऊ भागिले 46, म्हणजे साडेएकोणीस टक्के. टेबलावर भागाकार कोण करत बसणार, म्हणून सोपी रीत: एक पत्ता यायचा असेल तर आउट्स (तुम्हाला जिंकवणारे उरलेले पत्ते) गुणिले दोन. नऊ दुणे अठरा. थोडं कमी येतं, पण काम भागतं.

हवेत 25, आहेत 20 च्याही आत. नुसत्या या हिशोबाने हा फोल्ड आहे, म्हणजे पत्ते टाकायचे.

इथे नवखा म्हणतो, 'पण फ्लश ड्रॉ (चार पत्ते एका रंगाचे, पाचव्याची वाट) तर 35 टक्के असतो ना?' असतो, फ्लॉपवर, जेव्हा दोन पत्ते यायचे असतात. आणि तेव्हाही दोन्ही पत्ते एकाच किमतीत दिसणार असतील तरच, म्हणजे कुणीतरी ऑल-इन गेलेलं (सगळ्या चिप्स लावलेलं) असेल तर. आउट्स गुणिले चार ही रीत तिथली. फ्लॉपवर चारने गुणून कॉल करायचा आणि टर्नला पुन्हा बेट आली की नव्याने चकित व्हायचं, हे मी वर्षभर केलं. दुसऱ्या पत्त्याची किंमत वेगळी मोजावी लागते.

तर मग हा कॉल कधी बरोबर ठरेल? बदाम आल्यावर रिव्हरला समोरचा अजून काही देणार असेल तर. किती? 46 पैकी 37 वेळा तुम्ही 30 गमावणार: 1,110. नऊ वेळा जिंकणार, तेव्हा प्रत्येक वेळी सुमारे 123 मिळायला हव्यात. पॉटमध्ये तुमच्यासाठी आत्ता 90 आहेत. म्हणजे रिव्हरला सरासरी 33-34 चिप्स आणखी काढता आल्या पाहिजेत. तेव्हाचा पॉट 120 असेल, त्याच्या चतुर्थांशाहून थोडं जास्त. ऐकायला थोडं वाटतं. पण तिसरा बदाम पडला की तो सगळ्या टेबलाला दिसतो आणि पैसे देणारा हात आखडतो. म्हणून समोरचा हट्टी असेल, राजाची जोडी सोडवत नसेल, तर कॉल. सावध असेल तर फोल्ड. 'हा माणूस राजाची जोडी सोडणार नाही' हे झालं कारण एका वाक्यात.

आणखी एक बारकावा याच डावात दडलाय. नऊ आउट्स म्हटले, पण बदामची सत्ती किंवा दुर्री आली तर टेबलावर जोडी बसते. समोर राजाचा सेट घेऊन कुणी बसलं असेल तर तुमचा फ्लश बनेल आणि त्याचं फुल हाउस. हे दोन आउट्स डागाळलेले आहेत. मी असे अर्धे मोजतो. अचूक नाही, पण स्वतःला फसवण्यापेक्षा बरं.

इतर दोन आकडे: दोन्ही टोकांनी उघडी स्ट्रेट असेल तर आठ आउट्स, मधला एकच पत्ता हवा असेल तर चार. चार आउट्स म्हणजे एका पत्त्याला आठ-नऊ टक्के. या आशेवर पॉटच्या अर्धी बेट कॉल करणारा माणूस टेबलावर असला की बाकीच्यांना आनंद होतो.

पायरी 5: 'त्याच्याकडे काय आहे' हा प्रश्न बदला

नवखा एकच पत्ता ठरवून टाकतो: 'याच्याकडे एक्का-राजाच आहे.' मग सगळा डाव त्या कल्पनेवर. समोरच्याकडे काय काय असू शकतं, त्याची यादी करायला शिका. तिला रेंज म्हणतात. आणि यादीतला प्रत्येक प्रकार किती वेळा येऊ शकतो ते मोजा.

मोजणं असं: कोणतीही जोडी सहा प्रकारे येते, कोणतेही दोन वेगळे पत्ते 16 प्रकारे. त्यातले चार एकाच रंगाचे, 12 वेगळ्या. काही पत्ते दिसत असले की हे आकडे घटतात.

तुमच्याकडे एक्का-राजा आहेत. फ्लॉप राजा, नव्वी, चव्वी, तिन्ही वेगळ्या रंगांचे. तुम्ही बेट लावली, बिग ब्लाइंडने रेझ केलं. पोटात गोळा येतो: सेट! आता मोजा. राजाचा सेट: एक राजा टेबलावर, एक तुमच्याकडे, उरलेल्या दोघांची जोडी एकाच प्रकारे. नव्व्यांचा तीन प्रकारे, चव्व्यांचा तीन. एकूण सात. (दोन एक्के असते तर फ्लॉपआधीच त्याने पुन्हा रेझ केलं असतं, म्हणून सोडून देऊ.) तुम्ही हरवता असे: राजा-राणी आठ प्रकारे, राजा-गुलाम आठ. सोळा. सात विरुद्ध सोळा. इथे घाबरून टाकायचं कारण नाही.

पण हे सोळा त्याच्या यादीत आहेत कशावरून? हा खेळाडू राजा-गुलामवर नुसता कॉल करणारा असेल, रेझ कधीच न करणारा, तर ते सोळाच्या सोळा पुसले जातात आणि उरतात सात. तेच पत्ते, तोच फ्लॉप, निर्णय उलटा. माझ्या त्या गुलामांच्या जोडीच्या डावात हेच झालं होतं. तासभर पत्ते टाकणाऱ्या माणसाच्या यादीत मला हरवणारेच पत्ते होते, आणि मी यादी केलीच नव्हती.

यासाठी डावात नसतानाही बघत बसावं लागतं. पत्ते टाकल्यावर फोन काढू नका. शोडाउनला (शेवटी पत्ते उघडताना) कुणी काय दाखवलं, आणि ते घेऊन त्याने आधी काय काय केलं होतं, हे उलट्या क्रमाने आठवा. एवढ्याने एका तासात अर्धं टेबल ओळखीचं होतं.

चेहरे, थरथरणारे हात वगैरेंकडे मी फार लक्ष देत नाही. 2017 साली कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्रेटस' या प्रोग्रॅमने चार व्यावसायिक खेळाडूंना एकास एक नो-लिमिट होल्डेममध्ये 1,20,000 डावांत हरवलं. त्याला कुणाचाही चेहरा दिसत नव्हता. बेटचे आकार आणि क्रम यातच बरंच काही सांगून झालेलं असतं.

पायरी 6: बेट कुणासाठी लावताय?

बेट लावण्याआधी एक प्रश्न: माझ्यापेक्षा हलके पत्ते यावर कॉल करतील का? उत्तर हो असेल तर लावा, आणि भरघोस लावा. नवखे इथे कंजुषी करतात. सेट लागला की 'पळून जाईल' म्हणून पॉटच्या पाचव्या हिश्शाची बेट. अहो, छोट्या टेबलांवरचे लोक पळत नाहीत, कॉल करतात. तुम्हीही काल-परवापर्यंत तेच करत होता. पॉटच्या दोन तृतीयांश लावा.

उत्तर नाही असेल, तर दुसरा प्रश्न: माझ्यापेक्षा चांगले पत्ते यावर टाकले जातील का? हो असेल तर तो ब्लफ. दोन्हींचं उत्तर नाही असेल तर चेक करा. रिव्हरला मधल्या ताकदीची जोडी घेऊन बेट लावणं म्हणजे हलक्यांना हाकलणं आणि भाऱ्यांना बोलावणं.

ब्लफचा हिशोबही सोपा आहे. पॉटच्या अर्धी बेट लावली तर तीन वेळांत एकदा समोरचा पळाला की बरोबरी होते. पॉटएवढी लावली तर दोनांत एकदा. म्हणजे ब्लफ बऱ्याचदा पकडला जाणं हे ठरलेलंच आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाजायचं ते कॉल करण्याचीच सवय असलेल्या माणसासमोर ब्लफ केल्याबद्दल. तो माणूस कोण? महिन्यापूर्वीचे तुम्ही. 'बघूया तरी' म्हणणाऱ्याला कितीही मोठी गोष्ट सांगा, तो शेवटचं पान बघणारच.

सुरुवातीला फक्त अशा वेळी ब्लफ करा जेव्हा कॉल आला तरी हातात काहीतरी उरेल: फ्लश ड्रॉ, उघडी स्ट्रेट. वरचे राणी-दश्शीचे बदाम आठवतात? तिथे कॉल जमत नव्हता, पण सावध खेळाडूसमोर रेझ जमलं असतं. तो पळाला तर पॉट तुमचा, नाही पळाला तरी नऊ पत्ते शिल्लक. आणि त्याच वेळी, फ्लॉपपासून तुम्ही जे केलंत ते तुमच्याकडे खरोखरच मोठे पत्ते असतानाही तसंच केलं असतं का, हे तपासा. गोष्ट मध्येच बदलली तर ऐकणारा ओळखतो.

पायरी 7: पैसा, डोकं आणि उठण्याची वेळ

सर्वात आधी, तुम्ही राहता तिथे पैसे लावून खेळायला कायद्याची परवानगी आहे का आणि वयाची अट काय, ते बघा. नसेल तर नुसत्या चिप्सवर मित्रांत खेळा. वरचं सगळं तिथेही शिकता येतं, फक्त चिप्सना काहीतरी मोल ठेवा (हरणाऱ्याने भांडी घासायची, वगैरे), नाहीतर प्रत्येक डावात सगळे ऑल-इन जातात.

पैसे असतील तर ते वेगळे काढलेले असावेत, घरखर्चाशी संबंध नसलेले, सगळे गेले तरी चालतील असे. रोख टेबलावर साधारणपणे 100 बिग ब्लाइंडना बसायची पद्धत आहे. अशा 25-30 बैठकांचा साठा असेल तेवढ्याच मोठ्या टेबलावर बसा. स्पर्धा खेळणार असाल तर याहून खूप जास्त, कारण तिथे बहुतेक वेळा काहीच हाती लागत नाही.

इतका साठा का? फ्लॉपआधी दोन एक्के विरुद्ध दोन राजे, सगळे पैसे आत. याहून चांगली परिस्थिती मागूनही मिळत नाही. तरी 18 टक्के वेळा राजे जिंकतात, म्हणजे साडेपाचांतून एकदा. दोन राण्या विरुद्ध एक्का-राजा तर जवळपास नाणं उडवण्यासारखंच: एक्का-राजा 43 ते 46 टक्के वेळा जिंकतो. एखाद्या संध्याकाळी हे तीनदा तुमच्या विरुद्ध जाणार, त्यात तुमची काही चूक नसेल.

चूक त्यानंतर होते. एक्के फुटल्यावर पुढच्याच डावात राजा-सत्ती घेऊन रेझवर रेझ. याला टिल्ट म्हणतात. कान तापतात, चिप्स जरा जोरात आपटल्या जातात, पत्ते वाटणाऱ्याचा राग येतो. स्वतःची खूण ओळखून ठेवा. माझी अशी की मी घाईघाईने बोलायला लागतो. ती दिसली की मी एक फेरी उठून बाहेर जातो. आणि एका बैठकीत किती हरलो की घरी जायचं हा आकडा बसण्याआधी ठरवा, कारण हरत असताना ठरवलेला आकडा रबरासारखा ताणला जातो. गेलेले पैसे आजच परत आणायचे अशी तगमग वरचेवर होत असेल, किंवा हरल्याचं घरी लपवावं लागत असेल, तर खेळ तिथेच थांबवा आणि कुणाशी तरी मोकळेपणाने बोला.

रेकही विसरू नका. टेबल चालवणारा बहुतेक पॉटमधून आपला वाटा काढून घेतो. सगळे सारख्याच ताकदीचे असतील तर महिनाअखेरीस सगळेच तोट्यात असतात. म्हणून टेबल निवडणं हेही कौशल्यच. ज्या टेबलावर सगळे गप्प बसून पत्ते टाकताहेत तिथून उठा.

पायरी 8: वही

एक साधी वही घ्या. प्रत्येक बैठकीनंतर तीन डाव लिहा. हरलेलेच नव्हे, ज्यात नेमकं काय करावं ते कळत नव्हतं असे. किती जिंकलो-हरलो हे पहिल्या पानावर नका लिहू. काही हजार डावांपर्यंत तो आकडा तुमच्या कौशल्याबद्दल फारसं काही सांगत नाही.

रकाने असे: माझी जागा, माझे पत्ते, पॉट किती, बेट किती, त्याची यादी, मी काय केलं, का केलं. घरी निवांतपणे शक्यता काढून बघा. त्यासाठी मोफत कॅल्क्युलेटर मिळतात, दोन्ही बाजूंचे पत्ते घातले की टक्के सांगतात. त्यापुढचे सॉल्व्हर नावाचे प्रोग्रॅमही आहेत, पण पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्या वाटेला जाऊ नका. ते दोन अत्यंत हुशार खेळाडूंचं उत्तर देतात, आणि तुमच्या टेबलावर एकही नसतो. ऑनलाइन खेळत असाल तर डाव चालू असताना अशी मदत घ्यायला बहुतेक ठिकाणी मनाई असते, खातं बंद होऊ शकतं. अभ्यास उठल्यावरच.

माझ्या वहीची पहिली काही पानं अजून जपून ठेवली आहेत. कॉलच्या अर्ध्याहून जास्त ओळींत शेवटचा रकाना रिकामा आहे. काही ठिकाणी 'वाटलं', एके ठिकाणी नुसतं 'कंटाळा'. त्या गुलामांच्या जोडीच्या डावासमोर मी लिहिलंय: 'दोन अठ्ठ्या. बघितल्या.'